रात्रपाळीची एक जागा: वृद्धनिवासातील नेमणूक आणि अर्धवट राहिलेली पडताळणी

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या वृद्धनिवासातले आहे. निवासाची आणि व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र तशीच ठेवली आहेत.

निवासात सुमारे चाळीस ज्येष्ठ राहतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना कमीअधिक प्रमाणात स्मृतिभ्रंश आहे, आणि दहाबारा जणांना अंथरुणात कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो. दिवसा परिचारिका, काळजीवाहक, स्वयंपाकघरातले आणि साफसफाईचे कर्मचारी, भेटायला येणारे नातेवाईक अशी सतत वर्दळ असते. रात्री दहानंतर मात्र संपूर्ण इमारतीत एक परिचारिका आणि दोन मजल्यांवर प्रत्येकी एक काळजीवाहक एवढेच मनुष्यबळ उरते. एका मजल्यावरच्या वीसेक माणसांचा सगळा संबंध रात्रभर एकाच व्यक्तीशी येतो, आणि रात्री काय घडले हे त्यांतल्या बहुतेकांना सकाळी सांगता येत नाही. ज्यांना सांगता येते त्यांच्या सांगण्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतोच असेही नाही. रात्रपाळीच्या नेमणुकीला दिवसपाळीपेक्षा अधिक कडक निकष का हवेत, याचे कारण यात आहे, आणि या निवासाच्या लेखी धोरणात नेमका हाच फरक केलेला नव्हता.

धोरण होते, हे मुद्दाम सांगायला हवे. प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये ओळखीचा पुरावा, पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला, दोन संदर्भपत्रे आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल असावा, असा नियम होता आणि फाइलच्या पहिल्या पानावर तसा तक्ता चिकटवलेला असे. संदर्भ कोणाकडून घ्यायचे, त्यांना काय विचारायचे, आणि कागद आला तरी त्यातला मजकूर कोणी वाचून अर्जाशी ताडून पाहायचा, याबद्दल धोरणात एक ओळही नव्हती. तक्त्यातल्या चौकटीत बरोबरची खूण केली की काम संपले, अशी पद्धत हळूहळू रूढ झाली होती.

अर्ज आणि मुलाखत

एकाच महिन्यात रात्रपाळीच्या दोन काळजीवाहकांनी काम सोडले. उरलेल्यांवर जादा पाळ्यांचा भार आला, आणि तिसरीही सोडून जाण्याच्या बेतात आहे अशी कुणकुण व्यवस्थापकांना लागली. अशा वेळी एका अनुभवी महिलेचा अर्ज आला. वृद्धसेवेतला नऊ वर्षांचा अनुभव, स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीचे प्रशिक्षण आणि रात्रपाळी करण्याची तयारी हे सारे अर्जात होते. मुलाखतीत तिने शय्याव्रण (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून कूस किती वेळाने बदलावी, भ्रमात असलेल्या माणसाशी वाद का घालू नये, गिळायला त्रास होत असलेल्याला कसे भरवावे, या प्रश्नांची उत्तरे इतर कोणत्याही उमेदवारापेक्षा चांगली दिली. मुलाखत घेणाऱ्या तिघांनीही तिला सर्वाधिक गुण दिले.

अर्जात दोन गोष्टी मात्र अडखळायला लावणाऱ्या होत्या. शेवटच्या दोन नोकऱ्यांच्या मध्ये सुमारे सात महिन्यांचा खंड होता. त्याबद्दल विचारल्यावर, आई आजारी होती म्हणून घरी होते, असे उत्तर मिळाले आणि मुलाखतीच्या टिपणात कोणीतरी त्यापुढे ‘घरगुती कारण’ एवढेच लिहिले. दुसरी गोष्ट संदर्भांची होती. एक संदर्भ आधीच्या निवासाच्या कार्यालयाकडून येणार होता. दुसरा त्याच निवासातल्या एका ‘वरिष्ठ सहकारी’ म्हणवणाऱ्या व्यक्तीचा होता आणि तिचा ईमेल पत्ता संस्थेचा नसून खाजगी होता.

अडचण

मुलाखतीनंतर आठवड्याभरात हाती आलेली कागदपत्रे अशी होती. पोलीस पडताळणीचा दाखला स्वच्छ होता, पण तो फक्त सध्याच्या नावाने काढलेला होता. प्रशिक्षणाच्या जुन्या प्रमाणपत्रावर लग्नापूर्वीचे नाव होते. कार्यालयाकडून आलेल्या पत्रात पद आणि कामावर असल्याच्या तारखा यांपलीकडे काहीच नव्हते. खाजगी पत्त्यावरून आलेले दुसरे पत्र भरभरून कौतुक करणारे होते. त्याआधीच्या नोकरीबद्दल कोणाचेच काही आले नव्हते, कारण कोणी मागितलेच नव्हते.

पहिल्या पानावरच्या तक्त्याप्रमाणे पाहिले तर फाइल पूर्ण होती. कर्मचारी विभागातल्या लिपिक महिलेने मात्र ती व्यवस्थापकांपुढे ठेवताना तोंडी सांगितले की कार्यालयाच्या पत्रातली रुजू होण्याची तारीख आणि अर्जातली तारीख यांच्यात काही आठवड्यांची तफावत आहे. संपूर्ण प्रकरणातले सर्वांत मोलाचे निरीक्षण हे होते, आणि ते तोंडी सांगितले गेल्यामुळे त्याची नोंद कुठेच झाली नाही.

स्वच्छ पोलीस दाखल्यावर किती विसंबायचे, हा प्रश्न जगात इतरत्र फार मोठी किंमत मोजून विचारला गेला आहे. इंग्लंडमधील सोहॅम येथे २००२ साली दोन शाळकरी मुलींची हत्या करणारा इयान हंटली हा शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध आधी दुसऱ्या भागात अनेक आरोप झाले होते, पण त्यांत एकदाही शिक्षा झालेली नव्हती. शिवाय नोकरीसाठी त्याने वेगळे आडनाव वापरले होते. त्यानंतर नेमलेल्या बिचर्ड चौकशीचा अहवाल २००४ मध्ये आला आणि त्यातून २००६ चा दुर्बल गटांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पोलिसांच्या नोंदींत फक्त पोलिसांपर्यंत पोहोचलेले असते. वृद्धनिवासातल्या बहुतेक तक्रारी तिथवर जात नाहीत. त्या मेट्रनच्या खोलीत सुरू होतात आणि राजीनाम्याने संपतात.

समोरचे पर्याय

व्यवस्थापक, अधिपरिचारिका आणि विश्वस्त मंडळाचा एक प्रतिनिधी यांच्या बैठकीत तीन पर्यायांवर चर्चा झाली.

पहिला पर्याय उमेदवाराला नकार देण्याचा होता. तो फारसा गांभीर्याने घेतला गेला नाही आणि ते योग्यच होते, कारण कागदांतली त्रुटी हा दोषाचा पुरावा नव्हे. खंड असलेल्या, नाव बदललेल्या, आधीच्या मालकाशी न पटलेल्या प्रत्येकाला नाकारू लागलो तर या क्षेत्रात माणसेच उरणार नाहीत, आणि घरच्यांच्या सेवेसाठी नोकरी सोडणाऱ्या स्त्रियांवर तर तो सरळ अन्याय होईल.

दुसरा पर्याय थांबण्याचा होता: अर्जातल्या सर्व नोकऱ्यांची खातरजमा होईपर्यंत रुजू करून घ्यायचे नाही आणि तोवर तात्पुरती माणसे पुरवणाऱ्या एजन्सीच्या कर्मचाऱ्यांवर रात्रपाळी चालवायची. याला अधिपरिचारिकांचा विरोध होता आणि त्यांचे म्हणणे वजनदार होते. एजन्सीतून दर रात्री वेगळे माणूस येते. कोण कशाने घाबरते, कोणाला उठवताना कोणता हात धरायचा नाही, हे त्याला माहीत नसते. शिवाय एजन्सीने त्या माणसाची काय पडताळणी केली आहे, हे निवासाला मुळीच ठाऊक नसते.

तिसरा पर्याय अटींसह रुजू करून घेण्याचा होता: पडताळणी पूर्ण होईपर्यंत फक्त दिवसपाळी, कायम दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या सोबतीने, औषधे आणि निवाशांचे पैसे यांना हात लावायचा नाही, आणि रात्री एकटीने काम मुळीच नाही.

चर्चेत एक साधा आकडा कोणी मांडला नाही: राहिलेली पडताळणी पूर्ण व्हायला खरोखर किती दिवस लागतील? आधीच्या तीन ठिकाणी फोन करायला आणि जुन्या नावाने दाखला मागवायला लागणारा वेळ आणि नव्या व्यक्तीला घडवायला लागणारे दोन आठवडे हे जवळजवळ सारखेच निघाले असते. थांबण्याची भीती होती, पण ती मोजलेली नव्हती.

घेतलेला निर्णय आणि त्याची अंमलबजावणी

तिसरा पर्याय निवडला गेला. तो चुकीचा होता असे मला वाटत नाही. अनेक देशांच्या नियमांत अशा सशर्त सुरुवातीला जागा आहे आणि टंचाईच्या काळात तिची गरजही असते. पण सशर्त नेमणूक ही कागदावरची गोष्ट नसून ती रोज पाळावी लागणारी व्यवस्था आहे, आणि इथेच गाडी घसरली.

अटी नियुक्तीपत्रात लिहिल्या गेल्या. उमेदवाराने त्यांवर सही केली. पत्राची एक प्रत फाइलमध्ये गेली आणि फाइल कर्मचारी विभागाच्या कपाटात. पाळ्यांचे वेळापत्रक लावणाऱ्या पर्यवेक्षिकेला या अटी लेखी कळवल्याच गेल्या नाहीत. तिला एवढेच माहीत होते की रात्रपाळीसाठी एक अनुभवी बाई घेतली आहे आणि सध्या ती दिवसा शिकते आहे. दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीची एक काळजीवाहक आजारी पडली. पर्यवेक्षिकेने संध्याकाळी सात वाजता नव्या कर्मचाऱ्याला विचारले, तिने होकार दिला, आणि सलग तीन रात्री वरच्या मजल्यावर ती एकटीच होती.

इथे दोन माणसांकडे पाहावे लागते. पर्यवेक्षिकेने समोरची अडचण समोरच्या माणसाच्या मदतीने सोडवली. तिला दोष देण्यात अर्थ नाही. उमेदवाराने मात्र ज्या अटींवर सही केली होती त्यांची आठवण करून दिली नाही. नव्या जागी, वरिष्ठाने विचारले असताना नाही म्हणणे सोपे नसते हे खरे आहे. तरीही पुढच्या टप्प्यावर या मौनाचा विचार करावाच लागला.

विसंगती कशी सापडली

राहिलेल्या पडताळणीचे काम त्या लिपिक महिलेकडेच होते. तिने आधीच्या निवासाच्या छापील दूरध्वनी क्रमांकावर फोन केला, अर्जात दिलेल्या मोबाइलवर नाही. ही बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची ठरली, कारण अर्जातला क्रमांक कोणाचा आहे हे अर्जदारावरच अवलंबून असते. तिथल्या कार्यालयाने आधी पत्रातलेच शब्द पुन्हा सांगितले: आम्ही पद आणि तारखा एवढेच कळवतो. मग तिने विचारले, “तुमच्याकडे जागा असेल तर तुम्ही त्यांना पुन्हा कामावर घ्याल का?” पलीकडून उत्तर आले, “त्याबद्दल मला बोलता येणार नाही.” त्यानंतर तिने ‘वरिष्ठ सहकारी’ असलेल्या व्यक्तीबद्दल विचारले. त्या नावाची काळजीवाहक तिथे होती, पण वरिष्ठ वगैरे नव्हती. दोघी बरोबरीने काम करत होत्या.

तारखांची तफावत जुळवताना तिसरी गोष्ट पुढे आली. अर्जात दाखवलेला सात महिन्यांचा खंड हा सगळाच खंड नव्हता. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांपैकी एकाची तारीख त्याच सात महिन्यांतली होती आणि ते अर्जात कुठेही न आलेल्या एका तिसऱ्या वृद्धनिवासाने आयोजित केलेल्या प्रशिक्षणाचे होते. उमेदवाराने ते स्वतःच जोडले होते.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या नियमावलीनुसार काळजीसेवा देणाऱ्या संस्थेला प्रत्येक कर्मचाऱ्याचा संपूर्ण नोकरीचा इतिहास आणि त्यातल्या खंडांचे लेखी स्पष्टीकरण जवळ ठेवावे लागते. याआधी मुलांबरोबर किंवा दुर्बल प्रौढांबरोबर काम केलेले असेल तर ती नोकरी का संपली याची शक्य तितकी खातरजमाही करावी लागते. नोकरी किती वर्षे केली यापेक्षा ती का सुटली हा प्रश्न त्या नियमांत जाणीवपूर्वक घातलेला आहे. ज्याला ‘घरगुती कारण’ असे दोन शब्द पुरतात त्या टिपणात तो प्रश्न विचारला गेलेलाच नसतो.

उमेदवाराची बाजू

व्यवस्थापकांनी त्याच दिवशी तिची रात्रपाळी थांबवली आणि दुसऱ्या दिवशी तिला बोलावले. सोबत कोणालातरी आणण्याची मुभा दिली, कोणत्या तीन गोष्टींबद्दल विचारणार आहोत हे आधी लेखी कळवले, आणि बैठकीचे टिपण तिच्या सहीने पूर्ण केले. इतक्या घाईच्या प्रसंगातही ही शिस्त पाळली गेली, हे या निवासाच्या बाजूने सांगायला हवे.

तिने लपवाछपवी नाकारली नाही. तिसऱ्या निवासात तिने पाच महिने काम केले होते. तिथे एका अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले होते, आणि त्याच आठवड्यात असेही आढळले होते की कूस बदलल्याच्या नोंदी रात्रभराच्या एकदमच लिहिल्या गेल्या आहेत. चौकशी सुरू झाली, तिला घरी बसवले गेले, आणि तिने राजीनामा दिला. राजीनामा मिळाल्यावर चौकशी बंद झाली. निष्कर्ष कोणीच काढला नाही. नोंदी एकदम लिहिल्याचे तिने मान्य केले: वीस माणसे आणि एक बाई, कूस बदलायची की लिहायचे, असे तिचे म्हणणे होते. डागांबद्दल तिने ठामपणे सांगितले की तिने कोणालाही इजा केलेली नाही. त्या आजींना रक्त पातळ करण्याचे औषध चालू होते आणि जरा धरले तरी डाग उठत असत. ते नाव अर्जात लिहिले असते तर कुठेच नोकरी मिळाली नसती, म्हणून लिहिले नाही, असेही ती म्हणाली. आईचे आजारपण खोटे नव्हते. ते उरलेल्या दोन महिन्यांतले होते.

तिने दिलेले स्पष्टीकरण वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांच्या नाजूक त्वचेवर किरकोळ दाबानेही डाग उठतात. दंडावर बोटांच्या अंतराने उठलेले डाग घट्ट धरल्याचेही लक्षण असू शकतात. डागांचे छायाचित्र किंवा शरीराच्या आराखड्यावरची खूण असती तर फरक करता आला असता. तिच्या लेखी संमतीने त्या निवासाकडे माहिती मागितली असता कळले की छायाचित्र काढलेलेच नव्हते. अर्धवट सोडलेली चौकशी पीडित व्यक्तीलाही न्याय देत नाही आणि आरोपातून मुक्त होण्याची संधी कर्मचाऱ्यालाही देत नाही. ती महिला निर्दोष असेल, तर तिच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय ती चौकशी बंद करणाऱ्यांनी केला आहे.

दुसरा निर्णय

आता तीन रस्ते होते. तिला दिवसपाळीवर कडक देखरेखीखाली ठेवावे, असे अधिपरिचारिकांचे मत होते. काम तिने चांगले केले होते आणि आरोप सिद्ध नव्हता. विश्वस्तांच्या प्रतिनिधीला तिला तात्काळ काढून विषय मिटवायचा होता. व्यवस्थापकांनी प्रश्न दोन भागांत तोडला. जुना आरोप खरा की खोटा, हे ठरवण्याचे साधन या निवासाकडे नाही, म्हणून त्या आधारावर काहीही करायचे नाही. एक नोकरी जाणूनबुजून लपवणे, सहकाऱ्याला वरिष्ठ म्हणून पुढे करणे आणि सही केलेल्या अटींबाबत गप्प राहणे या गोष्टी मात्र तिने मान्य केल्या आहेत. त्यांवर निर्णय घेता येतो.

परिवीक्षा काळातच, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीच्या अजमावण्याच्या काळातच, तिची सेवा समाप्त करण्यात आली आणि पत्रात कारण म्हणून फक्त अर्जातील अपूर्ण व चुकीची माहिती नमूद केली गेली. मला हा निर्णय पटतो, पण सहज पटत नाही. खरे लिहिले असते तर याच निवासाने तिला मुलाखतीला तरी बोलावले असते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुधा ‘नाही’ असे आहे. खरे सांगणाऱ्याला दार बंद आणि लपवणाऱ्याला उघडे, अशी रचना असेल तर अर्जात लपवलेलेच येत राहणार. म्हणून नंतर अर्जाच्या नमुन्यात एक प्रश्न घालण्यात आला: तुमच्याविरुद्ध कधी चौकशी झाली आहे का, तिचे काय झाले, आणि तुमचे म्हणणे काय आहे. होकारार्थी उत्तरामुळे अर्ज आपोआप बाद होणार नाही, हेही त्याखाली छापले आहे.

परिणाम

तीन रात्रींचे काय, हा प्रश्न उरलाच होता. वरच्या मजल्यावरच्या सर्व निवाशांची डॉक्टर आणि अधिपरिचारिका यांनी अंगभर तपासणी केली. नवी इजा कोणाच्याही अंगावर आढळली नाही. औषधांची मोजणी जुळली. कूस बदलल्याच्या नोंदींत मात्र तीनपैकी एका रात्री सर्व ओळी एकाच पेनाने, एकाच झोतात लिहिल्यासारख्या दिसल्या आणि वेळा अगदी तासाच्या ठोक्यावर होत्या. यावरून काही सिद्ध होत नाही. अडचणीची गोष्ट अशी की तुलनेसाठी जुन्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी काढल्या तेव्हा त्याही बऱ्याच रात्री तशाच निघाल्या. एका नेमणुकीच्या चौकशीतून रात्रीच्या संपूर्ण मनुष्यबळाचा प्रश्न उघडा पडला, आणि महिन्याभराने वरच्या मजल्यावर मध्यरात्रीपर्यंत दुसरी काळजीवाहक देण्याचे ठरले.

नातेवाइकांना सांगायचे की नाही यावर मतभेद झाले. शेवटी त्या मजल्यावरच्या निवाशांच्या कुटुंबांना फोन करून सांगितले गेले: अपुऱ्या पडताळणीची एक व्यक्ती तीन रात्री एकटी कामावर होती, तपासणीत इजा आढळलेली नाही, आणि आम्ही पुढे काय करत आहोत. तिचे नाव किंवा जुना आरोप सांगितला नाही. दोन कुटुंबे संतापली. एकाने आपल्या वडिलांना हलवले. इतरांनी मुख्यतः एकच विचारले, की आमच्या माणसाशी रात्री कोण असते हे आम्हाला आधी का सांगितले जात नाही. या प्रश्नाला निवासाकडे उत्तर नव्हते.

संदर्भपत्राचा प्रश्न

काही आठवड्यांनी आणखी एका वृद्धनिवासाकडून पत्र आले. तिने तिथे अर्ज केला होता, आणि या वेळी आपल्या शेवटच्या नोकरीचे नाव लिहिले होते. आता हेच निवास संदर्भ देणाऱ्याच्या जागी आले.

वकिलांचा सल्ला होता की पद आणि तारखा एवढेच कळवा. त्यामागची भीती निराधार नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने) स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स या १९९४ च्या निकालात, निष्काळजीपणे लिहिलेल्या संदर्भामुळे कर्मचाऱ्याचे नुकसान झाल्यास मालक जबाबदार ठरू शकतो, असे म्हटले. त्यानंतर अनेक संस्था तारखांपलीकडे न जाणेच सुरक्षित समजू लागल्या. तो निकाल काळजी घेऊन लिहा असे सांगतो, लिहूच नका असे सांगत नाही.

न लिहिण्याची किंमत काय असते हे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताने पाहिले आहे. एलिझाबेथ वेटलॉफर या परिचारिकेने दीर्घकालीन काळजी केंद्रांतल्या आठ वृद्धांना इन्सुलिन देऊन मारले. औषधांतल्या चुकांमुळे तिला २०१४ मध्ये एका केंद्राने काढले होते, पण तक्रारीच्या तडजोडीत तिला शिफारसपत्र मिळाले आणि त्याच वर्षी ती दुसऱ्या केंद्रात कामाला लागली. न्यायमूर्ती आयलीन गिलीझ यांच्या चौकशी आयोगाने २०१९ मध्ये ९१ शिफारशी केल्या. तिने स्वतः कबुली दिली नसती तर हे गुन्हे उघडकीस आले नसते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. अर्जातले खंड आणि आधीची बडतर्फी दिसल्यास अधिक खोलात जाऊन चौकशी करावी, तसेच परिवीक्षा काळात जवळून देखरेख ठेवावी, हेही त्या शिफारशींत आहे. अमेरिकेत चार्ल्स कलन हा परिचारक एका रुग्णालयातून दुसऱ्यात जात सोळा वर्षे रुग्णांना मारत राहिला. २००३ मध्ये तो पकडला गेल्यावर न्यू जर्सी राज्याने २००५ मध्ये कायदा करून, दुसऱ्या आरोग्यसंस्थेने विचारल्यास रुग्णसेवेशी संबंधित खरी माहिती देणे बंधनकारक केले आणि सद्भावनेने ती देणाऱ्या संस्थेला संरक्षण दिले. आपल्या प्रकरणातल्या महिलेची या दोघांशी तुलना करण्याचे कोणतेही कारण नाही. मुद्दा फक्त एका संस्थेच्या मौनावर दुसरी संस्था कशी विसंबते, एवढाच आहे.

व्यवस्थापकांनी चार वाक्यांचे पत्र लिहिले. पद आणि तारखा. परिवीक्षा काळात सेवा समाप्त झाली. कारण एक पूर्वीची नोकरी अर्जात नमूद नव्हती. येथील कामात निवाशाला इजा झाल्याचे आढळले नाही. जुन्या आरोपाचा उल्लेख नव्हता, कारण तो या निवासाने पाहिलेला नव्हता. पत्राची प्रत तिला आधी पाठवण्यात आली आणि चूक वाटल्यास कळवायला सांगण्यात आले. तिने काहीच हरकत घेतली नाही. त्या निवासाने नंतर फोन करून काहीही विचारले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल पाळीपत्रकातला होता. सशर्त नेमणुकीच्या अटी ज्या कागदावरून रोज काम चालते त्या कागदावर असायला हव्यात. आता या निवासाच्या पाळीपत्रकात पडताळणी अपूर्ण असलेल्या व्यक्तीच्या नावापुढे रात्रीचे रकाने काळे केलेले असतात आणि ते उघडण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकांना आहे. या एका गोष्टीने त्या तीन रात्री टळल्या असत्या.

अर्ज, संदर्भ आणि प्रमाणपत्रे शेजारी शेजारी ठेवून महिनावार नोकरीचा तक्ता तयार करायला अर्धा तास लागतो. तो मुलाखतीपूर्वी केला असता तर प्रमाणपत्रावरची तारीख मुलाखतीतच समोर आली असती, आणि तिथे उमेदवाराला खरे सांगण्याची एक सन्मानाची संधी मिळाली असती. संदर्भ अर्जदाराने आणून द्यायचे नसतात, संस्थेने मागवायचे असतात, तेही संस्थेच्या पत्त्यावर आणि ठरावीक प्रश्नांसह: नोकरी का संपली, चौकशी प्रलंबित होती का, पुन्हा घ्याल का. पूर्वीच्या सर्व नावांनी पोलीस दाखला मागवणे हेही त्यातच येते.

लिपिक महिलेच्या तोंडी शंकेचे काय झाले, हा प्रश्न मला यांपैकी सर्वांत अवघड वाटतो. तिला तफावत दिसली, तिने सांगितले, आणि बैठकीत बसलेल्या तिघांपैकी कोणीही ती शंका विचारात घेतली नाही, कारण लिपिक महिला त्या बैठकीत नव्हती. आता फाइलवर तिच्या सहीशिवाय नियुक्तीपत्र निघत नाही. शंका असेल तर ती लिहिते आणि ती दूर कशी झाली हे व्यवस्थापक त्याखाली लिहितात. रिकामी जागा भरण्याची घाई असलेल्या माणसानेच पडताळणी पुरेशी आहे की नाही हे ठरवू नये, एवढे तरी यातून साधले आहे.

एजन्सीच्या कर्मचाऱ्यांबाबत मात्र काम अर्धेच झाले आहे. त्यांच्या कागदपत्रांची प्रत निवासाने मागितली तेव्हा एका एजन्सीने ती दिली आणि दुसरीने ‘सर्व पडताळणी केलेली आहे’ असे एका ओळीचे पत्र पाठवले. त्या दुसऱ्या एजन्सीची माणसे अजूनही अधूनमधून रात्री येतात.